कॅमोमाईल आणि आपल्याकडची फळं: सरबत, दूध, बर्फी आणि कवठाची जेली

फेब्रुवारी-मार्चात वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे मृग बहाराची संत्री उतरतात, आणि ऑक्टोबरात पेरलेलं कॅमोमाईल, म्हणजे वाळवून चहा करतात ते पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या बोंडाचं फूल, तेही नेमकं तेव्हाच बहरात असतं. दोघांची जोडी फार चांगली जमते, पण दोघांनाही कडू व्हायची खोड आहे. फूल जास्त वेळ भिजलं की कडवट होतं. संत्र्याचा रस तापवला किंवा नुसता ठेवला तरी कडवट होतो. म्हणून खालच्या बहुतेक कृतींत एकच नियम आहे: आच फुलाला द्यायची, फळाला नाही. बर्फीतला संत्र्याचा गर आणि कवठ एवढे दोनच अपवाद.

फूल कोणतं घ्यायचं

चहासाठी वापरतात ते जर्मन कॅमोमाईल. काष्ठौषधीच्या दुकानात ‘बाबूना’ म्हणून मागितलं तरी मिळतं, पण पुडी उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. अख्खी पिवळी बोंडं, त्यांना चिकटलेल्या पांढऱ्या पाकळ्या आणि सफरचंदासारखा गोडसर वास हवा. नुसता तपकिरी चुरा आणि गवताचा वास असेल तर माल जुना आहे. त्यातून रंग येईल, चव येणार नाही.

घरी लावायचं तर रोप ऑक्टोबरच्या मध्यात टाका. बी अगदी बारीक असतं. ते कोरड्या रेतीत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती ओढायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. चार-पाच आठवड्यांनी रोपं वेगळी करा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात, म्हणून कुंडीत माती, रेती आणि शेणखत सारखं घ्या. पाकळ्या आडव्या, सपाट झाल्या की फूल खुडायचं. पाकळ्या खाली झुकल्या की वास उतरायला लागतो. सावलीत, कापडावर एका थरात वाळवा. बोंड चुरडल्यावर सहज मोकळं होऊन पडलं की झालं. उन्हात वाळवलं तर सुगंधी तेल उडून जातं. वाळलेलं फूल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), रस्त्याच्या कडेला जे पांढऱ्या फुलांचं गाजरगवत माजतं, त्याचीही पानं अशीच कातरलेली असतात. ते विषारी आहे. त्याची फुलं अगदी लहान, पांढऱ्या ठिपक्यांएवढी असतात आणि त्यांना लांब पाकळ्या नसतात. कॅमोमाईलचं फूल रुपयाच्या नाण्याएवढं असतं, आणि मधलं पिवळं बोंड उभं चिरलं तर आतून पोकळ निघतं. शंका आली तर फूल चिरून बघा. शेतातून आपोआप उगवलेलं काहीही खुडून आणू नका.

ज्यांना गाजरगवताने अंगावर खाज किंवा पुरळ उठतं, शेवंतीने शिंका येतात, त्यांनी कॅमोमाईल टाळावं. ही सगळी एकाच कुळातली आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाला हे देऊ नये.

फुलाचं पाणी

पुढच्या पेयांचा पाया हाच आहे. ५०० मिली पाण्याला १० ग्रॅम वाळलेली फुलं घ्या. काटा नसेल तर पोह्याच्या चमच्याने शिगोशीग सहा-सात चमचे. कॅमोमाईलच्या चहाच्या पुड्या (टी-बॅग) वापरत असाल तर पाकिटावरचं वजन बघून तेवढ्या घ्या. ताजी फुलं असतील तर मापाने दुप्पट.

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा आणि मग फुलांवर ओता. लगेच झाकण ठेवा. वाफेबरोबर जे उडतं तेच या फुलाचं सुगंधी तेल, त्यामुळे झाकणाच्या आत जमलेले थेंबही परत गंजातच (पातेल्यातच) पाडायचे. सहा मिनिटांनी पातळ कापडातून गाळा. दहा-बारा मिनिटं ठेवलं की घशाशी कडवटपणा लागतो, आणि साखर वाढवून तो जात नाही. चहासारखं फूल घालून उकळू नका. गाळताना कापड पिळूही नका. पिळलं की बोंडातला बारीक पिवळा भुगा उतरतो आणि पाणी गढूळ होतं.

सव्वाचारशे मिलीच्या आसपास सोनेरी पाणी मिळेल. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. लाईन सारखी जात असेल तर त्याच दिवशी संपवा. नुसतंच प्यायचं असेल तर यात तेवढंच गरम पाणी घाला.

संत्र्याचं सरबत

चार ग्लासांसाठी ४०० मिली फुलाचं पाणी, ४०० मिली संत्र्याचा रस, ३ पोह्याचे चमचे साखर आणि दोन चिमूट सैंधव. मध्यम आकाराची सात-आठ संत्री लागतील. साखर फुलाचं पाणी गरम असतानाच विरघळवा. मग ते पूर्ण थंड होऊ द्या. रस सगळ्यात शेवटी, प्यायच्या अगोदर.

इथेच बहुतेकांचं सरबत फसतं. संत्र्याच्या बिया, फोडींचा पापुद्रा आणि सालीखालचा पांढरा थर यांत एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. रस काढताना पेशी फुटल्या की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि ते कडूजहर असतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच दोन-चार तासांनी कडवट. तापवलं की हे अजून लवकर होतं. नागपुरी संत्र्यात ही खोड चांगलीच दिसते. अर्धी वाटी रस तसाच ठेवून संध्याकाळी चाखून बघा, लगेच कळेल.

त्यामुळे मिक्सरला फोडी फिरवू नका, पात्याने बिया चिरतात. फोडी सोलून, बिया काढून, मोठ्या छिद्रांच्या गाळणीवर हाताने हलके दाबा. शेवटचा थेंब काढायच्या नादात पापुद्रा रगडू नका. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर सकाळी फक्त फुलाचं पाणी करून ठेवा, रस ते आल्यावर काढा.

आंबे बहाराची संत्री, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येतात ती, आंबट निघाली तर साखर एक चमचा वाढवा. मृगाची फारच गोड असतील तर अर्धं लिंबू पिळा, नाहीतर सरबत सपक होतं.

सालीचाही उपयोग आहे, पण फवारणी न केलेल्या झाडाची साल मिळत असेल तरच. फळ धुऊन पुसून फक्त वरचा केशरी थर बारीक किसा, साखरेत घालून बोटांनी चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. साखर ओलसर होते, सालीतलं तेल तिच्यात उतरतं. ही साखर सरबतात वापरली तर चमचाभर किसानेही वास कितीतरी वाढतो. पांढरा थर मात्र किसात येऊ देऊ नका.

उन्हाळ्यात संत्री संपली की टरबुजाचा (कलिंगडाचा) रस दोन भाग आणि फुलाचं पाणी एक भाग, वर लिंबू आणि काळं मीठ. यात कडू होण्याचं भय नाही. कुल्फीच्या साच्यात गोठवलं तर पोरं आवडीने खातात. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून थोडी साखर घाला.

सीताफळाचं दूध

दुधात संत्र्याचा रस घातला की दूध फाटतं, म्हणून दुधासाठी आंबट नसलेलं फळ हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळ असतं, नंतर चिकू.

अर्धा लिटर दूध उकळून खाली उतरवा. त्यात ५ ग्रॅम फुलं घालून झाकण ठेवा आणि आठ मिनिटांनी गाळा. दुधातल्या स्निग्धांशात वास चांगला उतरतो आणि कडवटपणा दबतो, म्हणून इथे दोन मिनिटं जास्त. साखर दीड चमचा पुरते. दूध फ्रिजमध्ये गार झालं की वाटीभर सीताफळाचा बिया काढलेला गर रवीने किंवा चमच्याने कालवा. सीताफळ गरम दुधात घालायचं नाही, तापलं की तेही कडू होतं. आणि बियांसकट मिक्सर कधीच नाही. या बिया विषारी असतात.

संत्र्याची बर्फी, फुलाच्या साखरेसह

दुधात फूल भिजवून मग ते आटवून खवा करावा, असं सहज वाटतं. पण तासभर आटवताना वास सगळा निघून जातो. त्यापेक्षा दोन दिवस अगोदर फुलाची साखर करा. ६० ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम अगदी कोरडी फुलं मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवा, मैद्याच्या चाळणीने चाळा, वरचा चोथा टाकून द्या आणि साखर बरणीत बंद ठेवा. यातली निम्मी बर्फीला लागेल, उरलेली चहात घाला.

तीन संत्र्यांच्या फोडींचे पापुद्रे आणि बिया काढून फक्त गर घ्या. त्यात ५० ग्रॅम साखर घालून आठ-दहा मिनिटं, जॅमसारखा दाट होईपर्यंत शिजवा. इथे गराला आच लागतेच, म्हणून पापुद्रा काढायचा कंटाळा करू नका. दुसऱ्या कढईत २५० ग्रॅम ताजा खवा मंद आचेवर पाच मिनिटं परता. गर पूर्ण दाट झाल्यावरच खव्यात घाला, पातळ असेल तर बर्फी धरत नाही. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि ३० ग्रॅम फुलाची साखर मिसळा. तूप लावलेल्या ताटात थापा, वर चारोळी दाबा. तीन-चार तासांनी वड्या पडतात. फळाचा ओलावा असल्यामुळे ही बर्फी पेढ्याइतकी टिकत नाही, हिवाळ्यात बाहेर दोन दिवस धरा.

कवठाची जेली

महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठं येतात. कवठात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जिलेटिन किंवा चिनी गवत (चायना ग्रास) न घालता जेली जमते. पिकलेलं कवठ ओळखायला ते हातभर उंचीवरून जमिनीवर सोडा. कच्चं असेल तर उसळतं, पिकलेलं जागच्या जागी बसतं. जेलीला दोन पिकलेली आणि एक अर्धकच्चं घ्या. पेक्टिन अर्धकच्च्या फळात जास्त असतं, वास पिकलेल्यात.

गर काढून तो बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घाला आणि वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजवा. ओल्या पंच्यात बांधून टांगून ठेवा, रस आपोआप गळू द्या. पिळलात तर जेली गढूळ होईल. मिळालेला रस मोजा, एकदा चांगला तापवून खाली उतरवा आणि दर वाटीला दोन पोह्याचे चमचे फुलं पुरचुंडीत बांधून त्यात सोडा. झाकण ठेवून दहा मिनिटांनी पुरचुंडी काढा. पुढे रस उकळणार आहे, थोडा वास जाणारच, म्हणून इथे फुलं जास्त वेळ ठेवायची.

एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर. पसरट गंजात, मोठ्या आचेवर, न ढवळता उकळा. फेस काढत राहा. कलथ्यावरून थेंब एकेक न पडता दोन थेंब जुळून पडद्यासारखे लोंबायला लागले की झालं. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस. लगेच कोरड्या, गरम बरणीत ओता आणि गार होईपर्यंत हलवू नका.

दुसऱ्या दिवशीही जेली पातळच असेल तर उकळणं कमी पडलं. परत गंजात घालून दोन-चार मिनिटं उकळा, बहुतेक वेळा जमते. चिवट, दोरीसारखी झाली तर जास्त उकळली. तिला गरम पाण्यात विरघळवून सरबतच करावं. खाली साखरेचे खडे बसले तर साखर मापापेक्षा जास्त पडली होती, आणि रस मुळात आंबट नसेल तरी हेच होतं. अशा वेळी पुढच्या खेपेला उकळतानाच अर्ध्या लिंबाचा रस घाला.