हापूसच्या ईमेलआधी यादी चाळून घ्या

पेटीचा भाव कळवणारे ईमेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जात असतील, तर यादीतले जुने पत्ते तपासा. लोकांनी सोडून दिलेले काही पत्ते ईमेल सेवा स्पॅम पाठवणारे पकडायला सापळा म्हणून पुन्हा सुरू करतात. तिथे वाचणारं कोणी नसतं, पण मेल परतही येत नाही, त्यामुळे आपल्याला काही कळतच नाही. नाव मात्र आपलं खराब होतं.

देवगडला मी दर फेब्रुवारीत, मोहोर धरला की हे करतो:

१. ‘पत्ता अस्तित्वात नाही’ म्हणून परत आलेले पत्ते त्याच दिवशी काढतो. सापळा होण्याआधी पत्ता सहसा काही महिने असाच मेल परत पाठवत असतो, म्हणून सगळ्यात मोलाचं काम हेच.

२. वहीतून उतरवताना चुकलेले पत्ते शोधतो. ‘जीमेल’च्या स्पेलिंगमध्ये आय आणि ए उलटे पडले, तरी मेल सापळ्यात जाऊ शकतो.

३. दोन हंगामांत ऑर्डर नाही, उत्तर नाही, लिंकवर क्लिक नाही, अशांना मेल बंद. फोन नंबर असेल तर व्हॉट्सॲपवर विचारतो.

‘मेल उघडला’ या आकड्यावर विसंबू नका. ॲपलचं मेल ॲप 2021 पासून गोपनीयतेची सोय चालू असल्यास मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो.