निर्जन बेटासाठी करमणूक निवडताना

निर्जन बेटावर कोणती गाणी न्याल, असे विचारले की बहुतेकांची यादी आवडीपेक्षा प्रतिष्ठेसाठीच केलेली असते. त्यावर उपाय सोपा आहे.

बीबीसी रेडिओवर १९४२ मध्ये सुरू झालेल्या याच कल्पनेच्या कार्यक्रमातील आठ ध्वनिमुद्रिकांची मर्यादा घ्यावी, मोबाइल विमान मोडवर ठेवून चर्चगेट ते विरार या लोकलप्रवासात तीच आठ गाणी पुन्हा पुन्हा ऐकावीत आणि बोरिवली येण्याआधी ज्याचा कंटाळा येईल ते, कितीही थोर असले तरी, वगळावे. पुस्तक मात्र कोठूनही उघडून वाचता येईल असे, शक्यतो एखादी अभंगगाथा किंवा शब्दकोश, निवडावे. रहस्यकथा उलगडली की संपते.

अ‍ॅपमधील डाउनलोडवर विसंबू नये, कारण त्याची मुदत अनेकदा संपते आणि ती वाढवण्यासाठी इंटरनेट लागते.