मत नसलेले खासदार: अमेरिकेच्या प्रदेशांबद्दल लिहिताना या चुका टाळा

पोर्तो रिको, ग्वाम (अमेरिकेच्या ताब्यातली, पण राज्य नसलेली बेटं) किंवा राजधानी वॉशिंग्टन डीसीची बातमी आली की मराठीत एक वाक्य हमखास येतं: 'यांचा प्रतिनिधी संसदेत बसतो, पण त्याला मत नाही.' वाक्य खरं आहे. घोटाळा होतो तो त्याच्या पुढे. ही खुर्ची मुळात थोड्या काळासाठी मांडली होती, राज्य होईपर्यंत, हे लक्षात न घेता लिहिलं की एकामागून एक चुका होत जातात.

तरतूद राज्यघटनेत शोधणे

सापडणार नाही. ही कल्पना राज्यघटनेच्याही आधीची, १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशातली आहे. प्रदेशात ५,००० प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की विधिमंडळ मिळे आणि ते विधिमंडळ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एक प्रतिनिधी पाठवी. त्याला बोलण्याचा हक्क होता, मत देण्याचा नव्हता. ६०,००० स्वतंत्र रहिवासी झाले की राज्य म्हणून प्रवेशाचा मार्ग मोकळा. पुढे घटना आली, एका सभागृहाची दोन झाली, आणि १७९४ मध्ये ओहायो नदीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातून जेम्स व्हाइट हजर झाले, तेव्हा यांना नेमकं बसवायचं कुठे यावरच वाद झाला. सिनेटमध्ये की प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात? शपथ द्यायची की नाही? शेवटी शपथेविना प्रतिनिधिगृहात बसवलं. दोन वर्षांत तो प्रदेश टेनेसी राज्य झाला आणि प्रश्न मिटला. आजही या जागा कायद्यांवर आणि सभागृहाच्या नियमांवर उभ्या आहेत. सिनेटमध्ये त्यांना जागाच नाही.

'मत नाही' म्हणजे कुठेच नाही, असं समजणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एका बातमीत डीसीच्या प्रतिनिधीने मतदान केल्याचा उल्लेख असतो, दुसरीत मताचा अधिकार नसल्याचा; आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मतदान कुठे झालं ते आधी बघा.

विधेयकावरच्या अंतिम मतदानात आणि स्पीकरच्या निवडीत त्यांना मत नाही. स्थायी समित्यांमध्ये मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते इतर सदस्यांसारखंच मत देतात. विधेयक मांडू शकतात, भाषण करू शकतात. मधली पायरी फसवी आहे. दुरुस्त्यांवर चर्चा करताना अख्खं सभागृह स्वतःलाच 'समिती' घोषित करतं. तिथे मत देण्याची मुभा १९९३ मध्ये मिळाली, १९९५ मध्ये गेली, २००७ मध्ये परत आली, २०११ मध्ये पुन्हा गेली आणि २०१९ मध्ये पुन्हा आली. डेमोक्रॅट बहुमतात आले की द्यायची, रिपब्लिकन आले की काढायची, असा हा खेळ तोवर चालला. त्यातही मेख अशी की या मतांमुळेच निकाल फिरत असेल, तर ती वगळून पुन्हा मतदान घ्यायचं. म्हणजे मत चालतं, पण निर्णायक ठरत नाही तोवरच! म्हणून अशा मतदानाबद्दल लिहिताना वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळे प्रदेश एकाच मापाने मोजणे

१९०० पूर्वीचा इतिहास बऱ्यापैकी सरळ आहे: प्रदेश, प्रतिनिधी, राज्य. डेट्रॉइटचे कॅथलिक धर्मगुरू गॅब्रिएल रिशार १८२३ मध्ये मिशिगन प्रदेशातर्फे बिनमताचे बसले. १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. आज त्याच डेट्रॉइटमधून निवडून गेलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार पूर्ण मताचे सदस्य आहेत.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध होऊन पोर्तो रिको, फिलिपिन्ससारखी बेटं हाती आल्यावर मात्र ही वाट दुभंगली. १९०१ पासूनच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने काही प्रदेश अमेरिकेच्या मालकीचे, पण राज्य होण्याच्या वाटेवर नसलेले ठरवले. पोर्तो रिकोच्या पहिल्या 'रेसिडेंट कमिशनर'ला (तिथल्या बिनमताच्या प्रतिनिधीचं हे पदनाम), फेदेरिको देगेताऊ यांना, सुरुवातीला सभागृहात बोलताही येत नव्हतं. तो हक्क १९०४ चा. या पदाची मुदत चार वर्षांची, बाकी सगळ्यांची दोन. फिलिपिन्सकडून १९०७ पासून आधी दोन आणि पुढे एकच कमिशनर येई. १९४६ च्या स्वातंत्र्याबरोबर ती जागा संपली. डीसी तर प्रदेशही नव्हे. तिथे १८७१ ते १८७५ एक प्रतिनिधी होता, मग जवळजवळ शतकभर कोणीच नाही, आणि १९७१ पासून पुन्हा. डीसीचे मतदार राष्ट्राध्यक्ष निवडतात, पोर्तो रिकोत राहणारे नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेले लोक तर जन्माने अमेरिकन नागरिकही नसतात.

बाहुली समजणे

विल्यम हेन्री हॅरिसन बिनमताचे प्रतिनिधी असताना १८०० चा जमीन कायदा झाला, तो त्यांच्याच पुढाकाराने. किमान खरेदी ६४० एकरांवरून ३२० वर आली, हप्त्यांची सोय झाली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. फिलिपिन्सच्या मॅन्युएल केसोन यांनी त्याच खुर्चीवरून स्वातंत्र्याचं आश्वासन देणाऱ्या १९१६ च्या कायद्यासाठी जोर लावला. हवाईचे बिनमताचे प्रतिनिधी, राजपुत्र कुहिओ यांनी १९१९ मध्ये राज्याच्या दर्जाचं विधेयक मांडलं; ते स्वप्न १९५९ मध्ये पुरं झालं.

आपल्याकडच्या नियुक्त खासदारांशी जोडणे

ही तुलना टाळाच. मुक्तीनंतर १९६२ मध्ये गोव्यातर्फे डॉ. पुंडलिक गायतोंडे लोकसभेवर नियुक्त झाले होते. ते निवडून आलेले नव्हते, तरी मत होतं. अमेरिकेत नेमकं उलट: लोक निवडून देतात, पण मत नाही.

करारात लिहिलंय म्हणजे जागा आहे, असं धरणे

आजच्या बिनमताच्या जागा सहाच: डीसी, पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ आणि २००९ पासून उत्तर मारियाना बेटं. १८३५ च्या न्यू इकोटा करारात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीला प्रतिनिधीचा हक्क नमूद आहे आणि २०१९ मध्ये त्यांनी किम टीही यांचं नावही पुढे केलं. त्यावरून सातवी जागा मोजू नका. करारातच अट आहे, 'काँग्रेस तशी तरतूद करेल तेव्हा'.