वैमानिकासाठी टॉर्च निवडताना

सातारा-सांगलीकडे टॉर्च बहुधा शेतीसाठीच घेतली जाते. पंपाची वीज रात्रपाळीला असली की उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला लांबवर झोत टाकणारी बॅटरी लागते, आणि दुकानदारही झोत किती लांब जातो हेच आधी दाखवतो. बारामतीला किंवा अन्यत्र वैमानिक प्रशिक्षणासाठी निघालेल्या मुलाला वा मुलीला टॉर्च घेऊन द्यायची असेल, तर मात्र ती कमीत कमी किती मंद होते, हे सर्वांत आधी पाहावे.

डोळे अंधाराला पूर्ण सरावायला साधारण 30 मिनिटे लागतात आणि प्रखर पांढरा प्रकाश क्षणभर पडला तरी तो सराव मोडतो. रात्रीच्या उड्डाणात वैमानिकाला एकीकडे चेकलिस्ट व नकाशा वाचायचा असतो आणि दुसरीकडे बाहेरची विमाने व धावपट्टीचे दिवे ओळखायचे असतात, म्हणून कॉकपिटमध्ये एक ते पाच ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश मोजण्याचे एकक) एवढा प्रकाश पुरतो. बटण दाबताच प्रथम हाच मंद प्रकाश लागला पाहिजे. एकाच बटणावर प्रखर, मध्यम आणि लुकलुकणारा प्रकाश फिरत राहणारी टॉर्च कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

लाल प्रकाशाने अंधाराचा सराव कमी मोडतो, हे खरे आहे. पण त्या प्रकाशात नकाशावरील लाल आणि किरमिजी खुणा जवळजवळ दिसेनाशा होतात. हवाई नकाशांवर महत्त्वाच्या अनेक खुणा किरमिजी रंगात असल्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही. त्यामुळे लाल आणि अतिमंद पांढरा असे दोन्ही प्रकाश देणारी टॉर्च घ्यावी आणि नकाशा पांढऱ्या प्रकाशातच वाचावा.

उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून करायच्या तपासणीची गरज वेगळी आहे. तेथे 100 ते 200 ल्युमेनचा, रंग खरे दाखवणारा प्रकाश हवा. प्रशिक्षणाच्या अनेक लहान विमानांत वापरले जाणारे 100एलएल पेट्रोल निळसर असते. टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात पाणी असेल तर ते जड असल्यामुळे खाली बसते आणि रंगहीन दिसते. संपूर्ण नमुनाच पाण्याचा निघाला, तर दोन थरांमधली रेघही दिसत नाही आणि रंग हाच एक पुरावा उरतो. अशा वेळी निळसर झाक असलेल्या टॉर्चखाली पाण्यालाही निळेपणा आल्याचा भास होऊ शकतो. म्हणून वेष्टनावर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, जास्तीत जास्त 100 असणारा अंक) 90 किंवा त्याहून अधिक लिहिलेली टॉर्च निवडावी. चाकाजवळ गळलेले ब्रेकचे लालसर तेलही अशाच प्रकाशात नीट ओळखू येते.

अनेक टॉर्चच्या बुडाशी लोखंडाला चिकटण्यासाठी चुंबक असतो. गॅरेजमध्ये तो सोयीचा आहे, पण कॉकपिटमध्ये तो होकायंत्राजवळ आला तर सुई भलतीच दिशा दाखवू लागते. दुकानात मोबाइलमधील होकायंत्र उघडून टॉर्चचे बूड त्याच्याजवळ न्यावे. दिशा हलली तर ती टॉर्च परत ठेवावी.

सेल शक्यतो एए आकाराचे, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते पेन्सिल सेल असावेत, कारण ते कोणत्याही गावात मिळतात. अल्कलाइन सेल बरेच दिवस आत राहिले तर गळतात, म्हणून ते वेळोवेळी बदलावेत. लिथियमचे एए सेल महाग असले तरी थंडीतही चांगले काम देतात. चार्ज होणारे लिथियम-आयन सेल घेतले, तर प्रवासी विमानाने जाताना सुटे सेल डबीत घालून केबिन बॅगेतच न्यावेत, चेक-इन सामानात देऊ नयेत. वेष्टनावरील तासांचा आकडा बहुधा प्रकाश सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

कपाळाला बांधायच्या दिव्याने बाहेरच्या तपासणीत दोन्ही हात मोकळे राहतात; कॉकपिटमध्ये मात्र मान वळवताच तो शेजारच्याच्या डोळ्यांवर पडतो आणि काचेत परावर्तित होतो. आपल्याकडच्या पावसासाठी आयपीएक्स4 दर्जा, म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सोसण्याची क्षमता, किमान असावा.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रात्री उडणाऱ्या व्यावसायिक विमानात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या जागेसाठी स्वतंत्र हातदिवा लागतो. प्रशिक्षणार्थ्यानेही स्वतःच्या दोन टॉर्च ठेवाव्यात: बाहेरच्या तपासणीची बॅगेत आणि मंद प्रकाशाची दोरीने गळ्यात, म्हणजे विमानाची वीज गेली तरी वेग आणि उंची दाखवणाऱ्या उपकरणांवर लगेच प्रकाश टाकता येतो.