पाण्याखाली माप कुठे चुकतं? शेवंड पकडणाऱ्या डायव्हरांनी या चुका टाळा

सोलापुरातून तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकायचं आणि पुढे नोकरीनिमित्त कॅलिफोर्निया, फ्लोरिडा किंवा न्यूझीलंडला गेल्यावर तिथल्या मित्रांबरोबर शेवंड (लॉब्स्टर) पकडायला उतरायचं, असं करणारे काही जण आहेत. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की हातात गेज नसेल तर शेवंडीला हात लावता येत नाही. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात मापाचं साधन जवळ बाळगणं सक्तीचं आहे, आणि डायव्हरने माप पाण्यातच घ्यायचं असतं. बोटीवर आणून मोजू, हे तिथे चालत नाही.

गेज म्हणजे दोन पाय असलेली साधी चपटी पट्टी. पण तिच्या वापरात इतक्या बारीक चुका होतात की अनुभवी माणूसही दंड भरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेली मादी पिशवीत जाते. मापाचा नियम असतो तोच मुळी तिच्यासाठी.

डोळ्यांचा अंदाज

पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू साधारण एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. ३० सेंटिमीटरचा मासा ४० चा वाटतो. कॅलिफोर्नियात शेवंडीच्या पाठीच्या कवचाची किमान लांबी ३¼ इंच, म्हणजे ८२.५५ मिमी लागते. आता ६५ मिमीची शेवंड घ्या. मास्कमधून ती ८६ मिमीच्या आसपास दिसेल. म्हणजे तब्बल दीड-पावणेदोन सेंटिमीटरने छोटं पोर तुम्हाला 'मापातलं' वाटणार. गढूळ पाण्यात आणखी घोळ होतो: तिथे वस्तू आहे त्याहून लांब वाटते, आणि 'इतक्या लांबून एवढी दिसते म्हणजे मोठीच असणार' असा हिशोब मेंदू परस्पर करून टाकतो.

गेज जनावराला टेकवलं की हा भ्रम संपतो, कारण पाणी दोघांनाही सारखंच मोठं करून दाखवतं. अट एकच: गेज आणि कवच एकाच अंतरावर हवं. गेज डोळ्यांजवळ आणि शेवंड हातभर पुढे बिळात, असं धरून 'जुळवून' पाहिलं तर त्या मापाला काही अर्थ नाही. टेकवल्याशिवाय माप नाही, ही सवयच लावून घ्या.

मोजायचं कुठून कुठवर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

शेवंडीची एकूण लांबी, मिशा, शेपटी यातलं काहीही धरायचं नसतं. मोजायचं ते फक्त पाठीचं कवच. कॅलिफोर्नियात डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून, मध्यरेषेवरून, कवचाच्या मागच्या कडेपर्यंत. फ्लोरिडात सुरुवात डोळ्यांवरच्या दोन शिंगांच्या मधल्या पुढच्या कडेपासून होते, आणि तिथला मऊ भाग सोडून द्यायचा असतो. शिवाय फ्लोरिडाचा नियम '३ इंचांहून जास्त' असा आहे. म्हणजे बरोबर ७६.२ मिमी भरली तरी सोडायची.

पहिली चूक: गेजचा पुढचा ओठ शिंगाच्या टोकावर टेकतो. शिंगं पुढे झुकलेली असतात, त्यामुळे काही मिलिमीटर फुकटचे मिळतात. ओठ शिंगांच्या बाहेरून न लावता त्यांच्या मधोमध खाली बसवायला हवा.

दुसरी चूक मागच्या टोकाला. शेवंड धडपडते, शेपूट आत ओढते आणि कवच व शेपटीचा पहिला कप्पा यांच्यातला मऊ पडदा ताणून उघडा पडतो. घाईत तो पडदाही कवचात धरला जातो. शेपूट सरळ होऊ द्या, अंगठ्याने कवचाची टणक कड चाचपा आणि मगच गेजचा मागचा पाय तिथे आणा.

तिसरी चूक गेज तिरकं धरण्याची. मध्यरेषा सोडून गेज बाजूला कललं की माप बदलतं. वरून पाहताना गेज दोन डोळ्यांच्या बरोबर मधून शेपटीच्या मध्याकडे गेलेलं दिसायला हवं. शिंप्याची टेप वापरून कवचाच्या फुगवट्यावरून मोजणं तर साफ चूक. माप सरळ रेषेतलं असतं, वळणावरचं नाही.

निकाल लावायची रीत सोपी आहे. पुढचा ओठ जागेवर टेकवा आणि मागचा पाय खाली आणा. पाय कवचावर अडला तर शेवंड मापात आहे. तो कवचाच्या मागे सहज खाली उतरला तर लहान आहे, सोडा. अडल्यासारखं वाटतंय पण खात्री नाही, अशा वेळी दाबून पाहू नका. प्लॅस्टिकचं गेज जोर लावला की फाकतं आणि उत्तर चुकीचं देतं. शंका आली की सोडायची.

न्यूझीलंडला गेलात तर हे सगळं विसरा. तिथल्या तांबड्या रॉक लॉब्स्टरचं माप शेपटीच्या रुंदीवर ठरतं: शेपटीच्या दुसऱ्या कप्प्यावरच्या दोन मुख्य काट्यांच्या टोकांमधलं अंतर, नराला ५४ मिमी आणि मादीला ६० मिमी. म्हणजे आधी नर-मादी ओळखता आली पाहिजे. उलटी करून पायांची शेवटची जोडी पाहा: मादीच्या त्या पायांच्या टोकाला छोटासा चिमटा असतो, नराला नसतो. कॅलिफोर्नियाचं गेज तिथे नेऊन उपयोग शून्य.

खेकड्यांतही असंच. कॅलिफोर्नियाच्या डंजनेस खेकड्याची रुंदी मोजताना बाजूच्या टोकदार काट्यांच्या पुढून, काटे वगळून मोजतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक खाडीच्या निळ्या खेकड्याला मात्र काट्याच्या टोकापासून टोकापर्यंत. उतरण्याआधी त्या राज्याचा, त्या जातीचा, त्या वर्षीचा नियम वाचा आणि माप कुठून कुठवर घ्यायचं त्याची रेघ गेजवरच कायमच्या मार्करने काढून ठेवा. पाण्याखाली आठवणीवर विसंबू नये.

आधी पिशवी, मग माप

शेवंड हाताला लागली की ती पिशवीत कोंबायची आणि निवांत मोजायचं, हा क्रम उलटा आहे. पिशवी पुन्हा उघडली की आतली एखादी सटकते, गेज पिशवीतच अडकतं, आणि तेवढ्या वेळात लहान शेवंडीचे पाय, मिशा तुटलेल्या असतात. पाय धरून ओढलं तर शेवंड तो पाय सोडून देते. तो पुन्हा उगवतो, पण त्या नादात तिची वाढ मागे पडते.

डाव्या हाताने, हातमोजा घालून, मिशांच्या जाड बुंध्यापाशी आणि कवचावर घट्ट पकडा. तिला छातीजवळ न आणता तळाशीच दाबून धरा आणि उजव्या हाताने गेज लावा. पोटाखाली नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचा पुंजका दिसला तर माप घेण्याचीही गरज नाही, फ्लोरिडात तशी मादी सोडावीच लागते. सोडताना मधल्या पाण्यात टाकून देऊ नका, खाली जाईपर्यंत मासे तिला टिपतात. जिथून काढली त्या बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवा.

पाउआ: कापलं की गेलं

न्यूझीलंडचा पाउआ, म्हणजे तिथला एक खाद्य समुद्री शंख, खडकाला चिकटलेला असतानाच मोजायचा. बहुतेक किनाऱ्यावर किमान १२५ मिमी लागतात, माप कवचाच्या सर्वांत लांब भागाचं. आणि तिथे पाउआसाठी स्कूबा वापरायला बंदी आहे, एका श्वासात खाली जाऊन वर यायचं. या वर्गातल्या शंखांचं रक्त गोठत नाही. सुरीने मांस कापलं गेलेला लहान पाउआ परत खडकावर ठेवला तरी मरतो. म्हणून उचकटायला बोथट कडांचं साधन घ्या, आणि गेज आधी लावा.

भाल्याने मासा मारणाऱ्यांसाठी

इथे गेजची सोय नाही. भाला लागल्यावर माप घेऊन काय उपयोग? त्यामुळे अंदाज शिकावा लागतो: दिसलेल्या लांबीचा तीन चतुर्थांश धरायचा. ४० सेंमीचा वाटला तर ३० समजा. बंदुकीच्या दांडीवर टेपने खुणा करून माशाशी ताडून पाहणारे बरेच असतात. पण दांडी डोळ्यांजवळ आणि मासा तीन मीटर पुढे, मग तुलना कशाची? मासा ज्या दगडाला लगटून गेला त्या दगडाशी त्याची लांबी ताडा, आणि तो दगड नंतर मोजा. असा सराव नुसता पाहत फिरतानाही करता येतो.

समांतर हिरव्या लेझरची जोडी हा दुसरा उपाय. दोन ठिपके १० सेंमी अंतरावर माशाच्या अंगावर पडतात आणि फोटोवरून लांबी निघते. चूक होते ती जुळणीत. तीन मीटरवर ठिपक्यांतलं अंतर १० ऐवजी ११ सेंमी झालं तर प्रत्येक मासा दहा टक्क्यांच्या आसपास लहान मोजला जाईल. पाण्यात भिंतीवर १, ३ आणि ५ मीटरवरून तपासून घ्या. मासा आडवा हवा. तो ३० अंशांनी वळलेला असेल तर लांबी सुमारे १३ टक्के कमी येते. लेझर डोळ्यांवर मारू नका, माणसाच्याही आणि माशाच्याही.

लांबी कुठली तेही पाहा. फ्लोरिडात हॉगफिश शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, ग्रुपरची मात्र शेपटीच्या टोकापर्यंतची पूर्ण लांबी धरतात.

सोलापुरात सराव कसा करायचा

शेतीच्या पाइपलाइनचे पीव्हीसी पाइप यासाठी उत्तम. ७५ आणि ९० मिमी बाहेरच्या व्यासाचे तुकडे कुठल्याही दुकानात उरलेले मिळतात, आणि ते पाण्यात बुडतात. आधी व्हर्नियरने मोजा. ७५ चा पाइप फ्लोरिडाच्या मापाला अगदी थोडक्यात कमी पडतो, ९० चा दोन्ही ठिकाणी पास होतो. सोबत ८०, ८२, ८३ आणि ८५ मिमी लांबीचे तुकडे कापा, कडा पॉलिश पेपरने घासा म्हणजे तलावाच्या फरशीला ओरखडे येणार नाहीत. जलतरण तलावाच्या उथळ भागात, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आणि जोडीदाराबरोबर, हातमोजे घालून हे तुकडे निवडायचे. डोळे उघडे ठेवून जमलं की मिटून करा. बिळात हात घातल्यावर बहुतेक काम स्पर्शानेच होतं.

सरावासाठी उजनीत उतरू नका. पाणी हिरवं-गढूळ असतं, आणि मच्छीमारांनी लावलेली तंगुसाची जाळी हाताला लागेपर्यंत दिसत नाही.

आणि तारकर्ली-मालवणला गेलात तर गेज घरीच राहू द्या. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथे पाहायचं आणि परत यायचं, काही उचलायचं नाही. भारतात शेवंडीच्या निर्यातीसाठी जी किमान मर्यादा आहे ती लांबीची नसून वजनाची आहे, उदाहरणार्थ मुंबईकडे मिळणाऱ्या पॉलिफॅगस जातीला ३०० ग्रॅम. तिथे गेज कामाचं नाही, वजनकाटा लागतो.

गेज स्वतः बनवताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडून ५ मिमी अ‍ॅक्रिलिकचं गेज करून घेता येतं. ड्रॉइंगमध्ये ८२.५५ लिहा, '८२ चालेल' म्हणून सोडू नका. तो अर्धा मिलिमीटर तुम्हाला बेकायदा शेवंड पिशवीत टाकायला लावेल. लेझर स्वतःच्या जाडीइतकं साहित्य जाळतो, त्यामुळे खाच किंचित मोठी येते. ते चालेल, फरक सुरक्षित बाजूचा आहे. खाच लहान आली तर मात्र घासून पूर्ण मापाला आणा किंवा फेकून द्या. दोन्ही जबड्यांच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाशी अशा तीन जागी व्हर्नियर लावा. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत.

अ‍ॅक्रिलिक बुडतं. एचडीपीई आणि पॉलीप्रॉपिलीन तरंगतं, हातातून सुटलं की वर जातं. नायलॉन पाणी शोषून फुगतं, मापासाठी ते नको. अक्षरं लाल रंगात लिहू नका. पाच-सहा मीटर खाली लाल रंग काळपट पडतो. पांढऱ्यावर काळं किंवा झळाळता पिवळा ठेवा.

दोरी लांब ठेवण्याची चूक फार होते. लोंबतं गेज प्रवाळावर आपटतं आणि कपारीत अडकतं. तिथे अडकलेला डायव्हर हवा संपेपर्यंत ओढत बसतो. छातीवरच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) बोल्ट स्नॅप म्हणजे खटक्याचा हुक, त्याला ३० सेंमीची गुंडाळी दोरी, आणि ती ओढली की तुटेल अशी पातळ नायलॉनची एक गाठ.

परत आल्यावर

गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा. अ‍ॅल्युमिनियमचं गेज आणि स्टीलची कडी एकत्र राहिली तर सांध्यावर पांढरी पूड जमते आणि भोक मोठं होतं, म्हणून कडी काढून धुवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, सुकलं की सरकत्या कॅलिपरच्या खाचेत क्षार बसतात आणि पट्टी अडकते. शेवटचं धुणं आरओच्या पाण्यात करा आणि लगेच पुसा.

थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये काढलेलं गेज मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. वाकलेलं गेज डोळ्यांना सरळच दिसतं. पुढच्या वेळी उतरण्याआधी व्हर्नियर पुन्हा लावा, त्याच तीन जागी.