छोट्या बेटांवरची न्यूजरूम: माणसं टिकवताना या चुका टाळा

पॅसिफिकमधल्या तुवालू देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. पण या गावाला संसद आहे, पंतप्रधान आहेत, अर्थसंकल्प आहे, परराष्ट्र धोरण आहे. या सगळ्याची बातमी देणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक माणूस गेलं की अर्धं काम थांबतं. मी काही वर्षं अशा बेटांवरच्या छोट्या वर्तमानपत्रांबरोबर आणि रेडिओ केंद्रांबरोबर प्रशिक्षणाचं काम करतो आहे. आपल्याकडूनही आता प्रशिक्षक, सल्लागार तिकडे जातात, म्हणून पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे मांडतो. त्यातल्या दोन मी स्वतः केल्या आहेत.

पगार वाढवला की माणसं थांबतील, असं समजणं

थांबत नाहीत. चांगलं लिहिणाऱ्या वार्ताहराला सरकारी माहिती खातं उचलतं, नाहीतर संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय, एनजीओ किंवा टेलिकॉम कंपनी. त्यांच्याशी पगाराची बरोबरी छोट्या वर्तमानपत्राला झेपणारी नाही. शिवाय देशाबाहेरची दारं उघडी असतात. मार्शल बेटं, पलाऊ आणि मायक्रोनेशियाच्या नागरिकांना करारामुळे अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता आणि काम करता येतं. कुक बेटं आणि निऊ इथले लोक तर जन्मानेच न्यूझीलंडचे नागरिक. तुवालूचा ऑस्ट्रेलियाबरोबरचा फालेपिली करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यातून दरवर्षी २८० जणांपर्यंत लोकांना तिथे जाऊन राहता येतं. न्यूझीलंडची हंगामी कामगारांची योजना २००७ पासून चालू आहे. बागेत एक हंगाम फळं तोडून जे हाती पडतं, ते मिळवायला इथल्या वार्ताहराला कितीतरी जास्त दिवस राबावं लागतं. अशा वेळी जाणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या घरी आईवडील, भावंडं, चर्चची वर्गणी, सगळं त्याच्याच कमाईवर चालत असतं.

मग हातात काय उरतं? पगार ठरलेल्या तारखेला देणं. हे साधं वाटेल, पण आठवडाभर उशीर झाला की माणूस दुसरीकडे अर्ज टाकतोच. रात्रीच्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी, निवडणुकीत किंवा वादळात सलग काम झालं तर नंतर न मागता रजा, आणि दोन वर्षं पूर्ण केली की वापरातला लॅपटॉप त्याच्या नावावर. या गोष्टी पगारापेक्षा स्वस्त पडतात आणि माणूस वर्ष-दोन वर्षं जास्त राहतो. छोट्या संस्थेत ती दोन वर्षं फार मोठी असतात.

नवशिक्यांनाच शिकवत राहणं

देणगीदार संस्थेला मोजता येईल असं काम हवं असतं, म्हणून फिजीची राजधानी सुवा इथल्या हॉटेलात तीन दिवसांची कार्यशाळा होते. छोट्या बेटावरून दोन वार्ताहर येतात. विमान आठवड्यातून मोजक्याच वेळा, त्यामुळे तीन दिवसांच्या शिकण्यासाठी आठ-नऊ दिवस जातात. तेवढे दिवस तिकडे संपादक एकटा पानं लावतो. परत आल्यावर प्रमाणपत्र पुढच्या नोकरीच्या अर्जाला जोडलं जातं. बातमी लिहावी कशी, हा विषय मी स्वतः एका केंद्रावर चार वर्षांत तीन वेळा शिकवला, तिन्ही वेळा नव्या चेहऱ्यांना. तेव्हा लक्षात आलं की नेमकं घोडं पेंड खातं ते मधल्या फळीत. साठीचे संपादक आणि बाविशीचे वार्ताहर, मध्ये कोणीच नाही. नव्या मुलीची बातमी हातात घेऊन "इथे मंत्र्याचं म्हणणं घेतलंच नाहीस, फोन लाव" असं सांगणारा पस्तिशीचा माणूस नसतो. आपली बातमी कोणी वाचत नाही असं वाटलं की ती मुलगीही जाते.

म्हणून पैसे असतील तर ते मधल्या माणसावर घाला. तीन-चार वर्षं काढलेल्या वार्ताहराला उपसंपादकाचा हुद्दा द्या, पानाची किंवा बुलेटिनची जबाबदारी द्या, सही करायचा अधिकार द्या. प्रशिक्षकाला हॉटेलात बोलावू नका, त्याला दोन आठवडे न्यूजरूममध्ये बसवा. आणि कार्यशाळेला माणूस पाठवायचाच असेल, तर त्याच्या जागी बदली माणसाचा पगार देणगीदाराकडे आधीच मागा. मागितला की बहुतेक वेळा मिळतो.

सगळं एका डोक्यात ठेवणं

एका बेटावरच्या रेडिओ केंद्रात मी असताना चक्रीवादळाचा इशारा आला. दुपारचे चार वाजले होते. हवामान खात्याचं पत्रक टेबलावर, निवेदिका ते वाचायला बसलेली. बाहेरच्या बेटांवरची तरुण मुलं सगळं फोनवरच बघतात, म्हणून तेच फेसबुक पेजवर टाकायचं ठरलं. पेज उघडेना. ते तयार करणारा मुलगा चार महिन्यांपूर्वी न्यूझीलंडला गेला होता आणि पेज त्याच्या खासगी खात्यावर होतं. फोन लावला तर तो फळं भरायच्या शेडमध्ये पाळीवर, मोबाइल लॉकरमध्ये. रात्री साडेनऊला त्याने फोन उचलला आणि बिचाऱ्याने तिथून स्वतःच इशारा टाकला. मधले साडेपाच तास आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. त्या मुलाची काही चूक नव्हती. चूक आमची. त्याच्या निरोपाच्या दिवशी आम्ही भाषणं केली, फोटो काढले, पण पासवर्ड कोणीच मागितला नाही.

बैल गेला आणि झोपा केला, असं होऊ द्यायचं नसेल तर हे आज करा. पेजला, वेबसाइटला, ईमेलला दोन-दोन प्रशासक ठेवा, त्यातला एक संस्थेच्या नावाचा. डोमेनचं नूतनीकरण कोणाच्या खासगी कार्डावर होतं ते तपासा. आणि एक जाड पुठ्ठ्याची वही घाला. संगणकावर नको, कारण वीज जाते. तिच्यात कोणत्या बेटावर कोणाला फोन करायचा, कोणता अधिकारी नाव न छापण्याच्या अटीवर बोलतो, मृत्यूच्या निवेदनांचे पैसे कोण गोळा करतं, कोणाची उधारी थकली आहे, जनरेटर कोणत्या क्रमाने चालू करायचा, हे सगळं. अशा केंद्रात बहुतेक वेळा एकच तंत्रज्ञ असतो. खाऱ्या हवेने ट्रान्समीटरचे सांधे गंजतात. कोणता सांधा कधी घासायचा, हे त्यालाच ठाऊक असतं. त्याला महिन्यातून एक दिवस फक्त दुसऱ्याला शिकवायला द्या. त्या दिवशी दुसरं काम सांगू नका.

जुनी यंत्रणा समजणारी माणसं किती मोलाची, हे टोंगाने दाखवलं. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला, समुद्राखालची केबल तुटली आणि मुख्य बेटावरचं इंटरनेट पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्या दिवसांत केबलशिवाय दूरवर ऐकू येणाऱ्या शॉर्टवेव्ह रेडिओचं महत्त्व सगळ्यांना नव्याने कळलं. ऑस्ट्रेलियाने आपली पॅसिफिकसाठीची शॉर्टवेव्ह सेवा २०१७ च्या जानेवारीअखेर बंद केली होती. न्यूझीलंडची चालू होती.

दबाव एकट्या वार्ताहराच्या अंगावर पडू देणं

मोठ्या देशात मंत्री दूर असतो. इथे तो मामा असतो, किंवा रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेला असतो. बातमीचा राग थेट कार्यालयात येत नाही, तो आईच्या कानावर जातो, आणि संध्याकाळी आई म्हणते, "कशाला लिहितोस असलं?" राजीनाम्यात मात्र कारण 'वैयक्तिक' असं लिहिलेलं असतं. सत्तेचा दबावही खराच. सामोआ ऑब्झर्व्हर हे सावेआ सानो मालिफा यांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं वर्तमानपत्र. १९९४ मध्ये त्याचा छापखाना जळाला. फिजीत २००९ च्या एप्रिलमध्ये राज्यघटना रद्द झाली आणि सेन्सॉर अधिकारी न्यूजरूममध्ये येऊन बसले. २०१० च्या माध्यमविषयक हुकुमात दंड आणि तुरुंगवास दोन्ही होते. तो कायदा हटायला २०२३ चा एप्रिल उजाडला. मधल्या तेरा वर्षांत अनुभवी पत्रकार पेशा सोडून गेले. ती पोकळी एखाद्या कार्यशाळेने भरत नाही.

संस्थेने करायचं ते इतकंच: नाजूक बातमीवर वार्ताहराचं नाव घालायचं की नाही हे त्याला विचारा, तक्रारीचा प्रत्येक फोन संपादकाने घ्यावा, आणि नातं आड येत असेल तर बातमी दुसऱ्याला द्या. दुसरा कोणी नसेल तर शेजारच्या देशातल्या वर्तमानपत्राशी बातम्यांची अदलाबदल ठरवून ठेवा.

हे सगळं फक्त पॅसिफिकपुरतं नाही. मॉरिशसमध्ये, जिथे आपल्या कोकणातून गेलेल्यांचे वंशज राहतात आणि जिथलं सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी मंडळ मराठीतही कार्यक्रम करतं, तिथे देश बराच मोठा आहे. पण छोट्या भाषेचा विभाग हाही एक बेटच असतो. मधली फळी आणि वही, दोन्ही तिथेही लागतात.

गेलेल्याला गेलेला समजणं

ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. निऊवर दोन हजारांहून कमी लोक राहतात, न्यूझीलंडमध्ये निऊअन तीस हजारांवर आहेत. कुक बेटांवर पंधरा हजारांच्या आसपास, न्यूझीलंडमध्ये ऐंशी हजारांवर. म्हणजे तुमचे बहुतेक वाचक आधीच परदेशात आहेत आणि तुमचा वार्ताहर त्यांच्यातच जाऊन राहिला आहे. त्याचं नाव यादीतून खोडू नका. ऑकलंडमधलं लग्न, रग्बीचा सामना, कामगारांच्या राहण्याच्या तक्रारी, यांच्या बातम्या त्याच्याकडून मागवा आणि प्रत्येक बातमीचे पैसे द्या, थोडे का होईना. तो परत आला तर जुन्या हुद्द्यावरच घ्या, नवशिक्यांच्या रांगेत उभं करू नका.

आमच्या त्या केंद्रातला मुलगा दोन हंगामांनी परतला. पहिल्याच सकाळी निवेदिकेने ती वही त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि तो दुपारपर्यंत त्यात फोन नंबर भरत बसला होता.