घसरणारी गाडी सावरताना ब्रेक आणि स्टिअरिंग कसे वापरावे

नाशिकमध्ये जूनच्या पहिल्या सरी कोसळतात, तेव्हा रस्ता सर्वाधिक निसरडा होतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेली धूळ आणि वाहनांतून गळलेले तेल पहिल्या पाण्यात मिसळून त्यांचा पातळ थर तयार होतो. मोठा पाऊस झाला की तोच थर बराचसा वाहून जातो. म्हणून द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या वर्दळीच्या चौकांत त्या सुरुवातीच्या सरींत वेग आधीच कमी ठेवावा. निफाड-लासलगावच्या बाजूला शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडलेला असतो, त्याबाबतही हीच सावधगिरी हवी.

सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: फिरणारे चाक स्टिअरिंगचे ऐकते, जाम झालेले चाक ऐकत नाही. घाबरलेला चालक ब्रेकवर पाय रोवतो, चाके जाम होतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळ पुढेच घसरत जाते. शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच बरेच अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर आणीबाणीत ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून तसाच धरून ठेवावा आणि अडथळा चुकवण्यासाठी स्टिअरिंग वळवावे. पेडल पायाखाली थरथरते, खडखड आवाज येतो. अनेक जण बिघाड समजून नेमका त्याच क्षणी पाय उचलतात, पण ती थरथर म्हणजे यंत्रणा चाकांना जाम होण्यापासून रोखत असल्याची खूण आहे. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत ब्रेक वाढत्या दाबाने लावावा, चाक जाम झाल्याचे जाणवताच पाय थोडा सैल करावा आणि चाक फिरू लागताच पुन्हा दाबावे.

गाडी घसरलीच, तर पुढचा भाग घसरतो आहे की मागचा, हे आधी ओळखावे लागते. वळणावर स्टिअरिंग वळवूनही गाडी बाहेरच्या बाजूला सरळ जात असेल, तर पुढच्या चाकांची पकड सुटली आहे. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवण्याचा मोह होतो, पण त्याने पकड परत येत नाही. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग किंचित सरळ करावे आणि पकड आल्यावर पुन्हा हळुवार वळवावे. मागचा भाग उजवीकडे फेकला जात असेल, तर ॲक्सिलरेटर सोडून, क्लच दाबून स्टिअरिंगही उजवीकडेच वळवावे. गाडी सरळ होऊ लागताच मात्र ते लगेच परत आणावे, नाहीतर ती उलट्या बाजूला फेकली जाते. या काळात हँडब्रेकला हात लावू नये, आणि नजर समोरच्या खांबावर किंवा ट्रकवर न ठेवता जिथे जायचे आहे त्या मोकळ्या जागेवर ठेवावी, कारण हात नजरेमागे जातात.

दुचाकीचे गणित वेगळे आहे. पुढचे चाक जाम झाले, तर पुढचा ब्रेक तत्क्षणी सोडून पुन्हा हळूहळू दाबावा. मागचे चाक जाम होऊन आडवे घसरू लागले असेल, तर मागचा ब्रेक एकदम सोडू नये. अचानक पकड मिळून स्वार उसळून फेकला जाऊ शकतो.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापतात आणि त्यांचा जोर कमी होतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा; डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर पूर्णपणे टाकून द्यावी.

गोटा झालेल्या टायरपुढे चालकाचे कौशल्य फार पुरे पडत नाही. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असायला हवी, पण आपल्याकडच्या पावसाचा विचार करता तिथवर वाट न पाहता टायर बदलावेत असे मला वाटते. एखाद्या मोकळ्या मैदानावर, आजूबाजूला कोणी नसल्याची खात्री करून, ताशी २५-३० किलोमीटर वेगाने ब्रेक जोरात दाबून पाहावा, म्हणजे आपल्या गाडीचे एबीएस पायाला कसे जाणवते हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच ठाऊक होईल.